धुक्यातलं बेट आणि पाण्याचे दोन डबे

परवा व्हिडिओवर तुम्ही दोघांनी मला तुमच्या बॅगा दाखवल्यात. खिडकीबाहेर कमरेएवढा बर्फ आणि बॅगेत पोहण्याचे कपडे. "दादी, वी आर एस्केपिंग द विंटर," धाकटी म्हणाली. थंडीतून पळायचं, एका उबदार बेटावर आठ दिवस वाळूत लोळायचं आणि परत यायचं. मी म्हटलं, हे काम तुमच्या दादीनं साठ वर्षांपूर्वी केलेलं आहे. थोरल्यानं डोळे मोठे केले. "यू वेंट ऑन अ बीच हॉलिडे?"

गेले नव्हते, नेलं होतं. एका म्हाताऱ्या इंग्रज बाईला नेलं होतं, आणि मला शिक्षिकेची नोकरी मिळणार की नाही हे त्या सफरीवर ठरायचं होतं. फोनवर सांगायला लागले तर तुमचं जेवण गार होईल, म्हणून लिहून पाठवते. अब्बांना वाचून दाखवायला सांगा. त्यांना मराठी नीट वाचता येतं. मी स्वतः शिकवलं आहे.

साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तेव्हा अमिरात असा देश झालेला नव्हता. तुमच्या चाचांच्या दुबईतल्या, सिलिकॉन ओएसिसमधल्या ज्या घरात बसून मी हे लिहिते आहे, तिथे तेव्हा वाळू होती आणि वाळूवर उंटांच्या पावलांचे ठसे. रास अल खोरला आज ट्रकांमधून चालायला जागा नाही. तेव्हा तिथे खाडी संपायची आणि खाजण सुरू व्हायचं. आम्ही खाडीच्या काठी झापांच्या घरात राहायचो. खजुरीच्या झापांच्या भिंती, झापांचं छप्पर. आपल्या रत्नागिरीकडे माडाच्या झापांनी मांडव घालतात, तसंच. फक्त इथे त्या मांडवात संसार करायचा. उन्हाळ्यात वारा आत यायचा म्हणून बरं वाटायचं. जानेवारीत तोच वारा आत यायचा आणि मी दोन स्वेटर घालून भाकऱ्या थापायची.

तुमचे आजोबा एका इंग्रजी कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होते. त्यांचे चुलते, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो, त्याच कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. मी लग्न होऊन बोटीनं आले त्याला दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. शिक्षण मिशनच्या शाळेत इंग्रजीतून झालेलं, पुढे मुंबईला कॉलेजची दोन वर्षं. माझ्या वडिलांना गावातल्या लोकांनी विचारलं होतं, पोरीला एवढं शिकवून करणार काय? ते म्हणाले होते, ती ठरवील. तेव्हा मी ठरवलं होतं, मी शिकवणार.

आणि त्या वर्षी कंपनीनं ठरवलं की नोकरांच्या मुलांसाठी एक वर्ग सुरू करायचा. गोदामाशेजारची एक खोली रिकामी केली, तिला चुना लावला. मुलं बावीस. आपल्या कोकणातली बरीच, बाकी इकडची तिकडची. मी अर्ज केला. स्वच्छ अक्षरात, समास सोडून. मॅनेजर साहेबांनी तुमच्या आजोबांच्या हाती निरोप पाठवला की अर्ज चांगला आहे, पण आम्ही मुंबईहून अनुभवी मास्तर आणणार आहोत. बाईमाणसाला बावीस मुलं आवरणार नाहीत.

मी निरोपाला उत्तर लिहिलं. अनुभव कसा मिळतो ते कृपया कळवावं, एवढंच.

तुमच्या आजोबांनी ते उत्तर दोन दिवस खिशात ठेवलं. "मी तिथे नोकरी करतो गं," म्हणाले. तिसऱ्या दिवशी दिलं. साहेबांनी मला बोलावून घेतलं.

साहेबांची आई त्याच महिन्यात विलायतेहून आली होती. सत्तरीची, विधवा, उत्तरेकडच्या कुठल्यातरी कापडगिरण्यांच्या गावातली. तिकडच्या धुक्यानं आणि धुरानं तिची छाती बिघडली होती. डॉक्टरनं सांगितलं होतं, हिवाळा उबेत काढा. आता तिला समुद्रातल्या एखाद्या बेटावर चार दिवस राहायचं होतं. येताना बोटीवरून बेटं दिसली होती आणि तिनं हट्ट धरला होता. साहेबांना कामातून उठता येत नव्हतं. एका बाईमाणसाची सोबत हवी होती, इंग्रजी बोलणारी.

साहेब म्हणाले, "सगळी व्यवस्था तुम्ही करायची. तंबू, जेवण, पाणी, औषध. माझी आई गेली तशी परत आली पाहिजे. ते जमलं तर वर्गाचं पुन्हा बोलू."

मी बाहेर आले तेव्हा माझ्या डोक्यात यादी सुरू झालेली होती.

सोबतीला चाचा आले, म्हणून घरच्यांनीही जाऊ दिलं. यादी मी एका पाठकोऱ्या वहीत केली. तंबू एक मोठा, एक लहान. लोखंडी खाट. तांदूळ, डाळ, कांदे, चहा, बिस्किटं, कोळसा. पाण्याचे डबे सहा. त्या काळी दुबईत पाणी गाढवावरून यायचं, रॉकेलच्या रिकाम्या चौकोनी डब्यांतून; एका डब्यात आपले दोन हंडे बसतील एवढं. नळ नव्हता. सहा डबे मी हिशेब करून लिहिले होते आणि साहेबांनी यादीवर सही केली होती.

मग मी चूक केली. सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं.

लाँच लहान होती. नाखवा अरब होता, पिकल्या दाढीचा, कमी बोलणारा. सामान बघून त्यानं हातानं खूण केली, एवढं मावणार नाही, काहीतरी उतरवा. मला भीती कशाची होती? थंडीची. मी झापांच्या घरात कुडकुडत होते, त्यात ही आजारी म्हातारी समुद्रावर उघड्यावर झोपणार. माझ्या आईनं लग्नात दिलेल्या चार जाड गोधड्या होत्या, त्या मी खाली ठेवायला तयार नव्हते. चाचांकडे बघितलं.

चाचांनी नाखव्याला विचारलं, बेटावर झाडं आहेत का? तो म्हणाला, खजुरीची सात आहेत.

"मग झालं की!" चाचा मला म्हणाले. "आपल्याकडे माडाखाली चार हात खणलं की शहाळ्यासारखं पाणी लागतं. समुद्र तिकडं दहा पावलांवर असला तरी. झाड काय खारं पाणी पिऊन हिरवं राहतंय, गो पोरी?"

मला ते पटलं. आमच्या घरची विहीर भरतीच्या रेषेपासून हाकेच्या अंतरावर होती आणि अख्खी वाडी तिचं पाणी प्यायची. नाखवा तीनदा म्हणाला, तिथे पाणी नाही. चाचा हसले. "ह्यांचा जन्म वाळवंटात गेला, ह्यांना विहिरी काय ठाऊक! इन्शाल्ला, लागेल पाणी. यल्ला, चला!"

मी वहीत सहा खोडून दोन लिहिलं. चार डबे धक्क्यावर राहिले, गोधड्या आल्या.

लाँचनं आम्हाला दुपारी उतरवलं आणि चौथ्या दिवशी सकाळी येतो असं सांगून ती परत गेली. बेट म्हणजे वाळूची एक लांबट पाठ, एका टोकाला खडक आणि काळे पक्षी, मधोमध ती सात झाडं. म्हातारीनं उतरल्या उतरल्या बूट काढले, मोजे काढले, झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि पाण्यात जाऊन उभी राहिली. मी काठावर शाल घट्ट गुंडाळून उभी.

"या ना आत! कोमट आहे!" ती ओरडली.

"मॅडम, हा आमचा कडक हिवाळा आहे."

"हा? मुली, आमच्याकडे याला लोक उन्हाळा म्हणतात आणि त्यासाठी वर्षभर पैसे साठवतात."

मोकळी बाई होती. मुलाबद्दल म्हणायची, "तो लहानपणापासून असाच. पावसात छत्री घेऊन जायचा आणि भिजेल म्हणून उघडायचा नाही." चाचांना एक अक्षर इंग्रजी येत नव्हतं आणि तिला एक अक्षर हिंदी, तरी दोघं तासभर बोलत बसायचे. चाचा मासा दाखवून सांगायचे तो कसा तळायचा, ती विणायच्या सुया दाखवून सांगायची टाका कसा घालायचा.

पहिल्या दिवशी आम्ही पाणी बादशाहासारखं वापरलं. चाचांनी मासे तीन पाण्यांतून धुतले. म्हातारीनं प्रवासाचे खारे केस धुतले, मीच तिच्या डोक्यावर तांब्यानं पाणी ओतलं. एक डबा संध्याकाळीच रिकामा झाला. उद्या खणूच, म्हणत आम्ही झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी सर्वात गर्द झाडाखाली खणायला सुरुवात केली. चार हात झालं. ओल लागली. पाणी झिरपलं. चाचांनी ओंजळ भरून तोंडाला लावली, आणि त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. थुंकलेही नाहीत. गिळलं आणि ओले हात वाळूत पुसले.

"चाचा?"

"दुसऱ्या झाडाखाली बघू."

दुसऱ्या झाडाखाली बघितलं. चौथ्या झाडाखाली बघितलं. सगळीकडे तेच, मीठ आणि वर कडवटपणा. खजुरीला ते चालतं हे मला पुढे कळलं. आपल्या माडाखालचं पाणी वरच्या डोंगरातून आलेल्या पावसाचं असतं. इथे ना डोंगर होता ना पाऊस. नाखव्याला विहिरी ठाऊक नसतील, पण ते बेट ठाऊक होतं.

चाचा खड्ड्याच्या कडेला बसून राहिले. "खलास," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "माझी अक्कल कशाला ऐकलीस गो?"

मी वही काढली. एक डबा, माणसं तीन, लाँच येईपर्यंत दोन दिवस, आणि तेही ती वेळेवर आली तर. भातासाठी समुद्राचं पाणी निम्मं घालता येईल. भांडी वाळूनं घासता येतील. पिण्याला माणशी दिवसाला सहा पेले. म्हातारीला खोकल्यासाठी गरम पाणी वेगळं. गणित बसत होतं, जेमतेम. पण म्हातारीला सांगायचं की नाही, हे गणितात बसत नव्हतं. सांगितलं तर ती मुलाला सांगणार. मग कसला वर्ग आणि कसली शाळा. अर्धा तास मी तंबूमागे उभी होते. मग जाऊन सांगितलं. तिच्या वाटणीचं पाणी मोजून द्यायचं तर का मोजते हे तिला कळायला हवं होतं.

ती विणत होती. सुया थांबल्या नाहीत. "एकूण किती?" तिनं विचारलं. मी सांगितलं. "आणि धक्क्यावर किती राहिले?" तेही सांगितलं. तिनं ओळ पूर्ण केली आणि म्हणाली, "मग मी केस धुतले ते शेवटचे."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तंबूच्या बाहेर आले आणि समोर समुद्रच नव्हता. सगळीकडे पांढरं. खजुरी दिसत नव्हत्या, चाचांचा तंबू वीस पावलांवर होता, तो दिसत नव्हता. इथल्या हिवाळ्यात असं धुकं पडतं, तुमच्या चाचांच्या बाल्कनीतून मी आजही बघते. समोरची इमारत गायब होते आणि हायवेवर गाड्या रांगतात. तेव्हा मात्र मी पहिल्यांदाच इतकं दाट धुकं बघत होते.

म्हातारी गोधडी पांघरून तंबूच्या दारात आली. बराच वेळ बघत राहिली.

"हे मी घरी ठेवून आले होते," ती म्हणाली. "ह्याला माझा पत्ता कोणी दिला?"

आणि मग खोकायला लागली.

तो दिवस वाईट गेला. धुकं दहाच्या सुमारास उचललं, पण हवेत ओल राहिली आणि तिचा खोकला थांबेना. मी तिला दोन गोधड्यांत गुंडाळलं, तिसरी पाठीमागे दिली. कोळशावर पाणी उकळून घोट घोट पाजलं. दुपारी वहीत लिहिलं: मॅडम आठ पेले, चाचा सहा, मी सहा. मी तीनच प्यायले होते. माझ्या वाटणीतले तीन तिच्या किटलीत गेले होते. चूक माझी होती, तहान मी सोसायला हवी, असं मला वाटलं.

संध्याकाळी ती म्हणाली, "वही दाखव."

दिली. तिनं चष्मा लावून वाचली.

"तू सहा पेले प्यायलीस?"

"हो, मॅडम."

"तुझे ओठ फुटलेत. आणि मी आजारी आहे, आंधळी नाही. मी मोजलेत, तीन." वही तिनं माझ्या मांडीवर ठेवली. "तुला मास्तरीण व्हायचंय ना? जे मूल आलंच नाही त्याची हजेरी लावणार आहेस का?"

कोणी मला इतकं लागेल असं बोललं नव्हतं. मी सहा खोडलं, तीन लिहिलं. मग तिनं मला उरलेले तीन पेले स्वतःच्या हातानं मोजून पाजले, एकेक, समोर बसवून. डब्यात आता चार बोटं पाणी उरलं होतं. चाचा डब्यात डोकावले आणि त्यांनी झाकण घट्ट लावलं.

चौथ्या दिवशी उजाडलं तेव्हा पुन्हा पांढरं. लाँच अशात येणार नाही, हे चाचांनी न विचारता सांगितलं. वाळूचे दांडे आहेत, नाखवा शहाणा आहे. "आपल्यापेक्षा शहाणा आहे," असंही म्हणाले.

मी चहाचं पातेलं आणायला गेले. ते रात्री तंबूच्या कडेला तसंच राहिलं होतं, मी घाईत उचलायचं विसरले होते. एरवी मी भांडं बाहेर विसरत नाही. उचललं तर जड लागलं. तळाशी तीन बोटं पाणी होतं. बोट बुडवून चाखलं. त्याला तंबूच्या कापडाचा वास होता, पण ते गोड होतं. वर बघितलं तर कनातीच्या कडेवरून थेंब टपटपत होते, पागोळ्यांसारखे.

"चाचा!" मी ओरडले. "पन्हळ! पन्हळ लावायची!"

पुढचं चाचांना सांगावं लागलं नाही. कोकणात पावसाळ्याआधी प्रत्येक घराला पन्हळ लागते आणि चाचांनी ती आयुष्यभर लावली होती. त्यांनी रिकामा डबा मासे कापायच्या सुरीनं चिरला, दगडावर ठोकून त्याचे लांब पत्रे केले, एकात एक अडकवले आणि कनातीच्या खालच्या कडेला तारेनं बांधले, एका बाजूला उतार देऊन. हात चिरला, फडकं गुंडाळलं, पुन्हा ठोकलं. मी खाटेखालचं मेणकापड काढून चार काठ्यांवर तिरपं ताणलं. म्हातारीनं आपला रेनकोट काढून दिला. "गावी पाऊस अडवायला घेतला होता," म्हणाली, "इथे गोळा करू दे." तोही ताणला. धुकं त्यांवर बसायचं, थेंब व्हायचे, थेंबाला थेंब मिळून ओघळ व्हायचा. आम्ही तिघं मिळून ते ओघळ हातानं पुसून खाली आणत होतो. म्हातारी मोजत होती. एक तांब्या. दोन. धुकं उचललं तेव्हा साडेचार तांबे झाले होते.

त्या पाण्याचा चहा चाचांनी केला. कापडाचा, पत्र्याचा, रबराचा असा तिन्हीचा वास होता. म्हातारीनं दोन कप घेतले आणि म्हणाली, असा चहा तिच्या गावात मिळाला असता तर तिनं तक्रार केली असती. त्या दिवशी ऊन चांगलं पडलं. वाळू तापली. मी तिला खडकाच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशा जागी गोधडी अंथरून बसवलं, दुपारभर. खोकला संध्याकाळी उतरला. रात्री आम्ही कापडं, पन्हळ सगळं आधीच लावून ठेवलं, आणि पाचव्या दिवशी सकाळी धुकं पातळ होतं तरी तीन तांबे मिळाले. दहा वाजता लाँचचा आवाज आला.

नाखव्यानं आमचे खड्डे बघितले, आमची पन्हळ बघितली. पत्र्याला हात लावला, कनातीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि चाचांच्या पाठीवर थाप मारली. चाचा लहान पोरासारखे लाजले.

धक्क्यावर साहेब उभे होते. एक दिवस उशीर झाल्यानं त्यांचा चेहरा पांढरा पडलेला. म्हातारी रापून तांबूस झाली होती, स्वतःच्या पायांनी उतरली. "उत्तम सहल," म्हणाली. बाकी काही बोलली नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सांगायचं की नाही ते तिनं माझ्यावर सोडलं होतं, हे मला कळलं.

मी वही साहेबांच्या हातात दिली.

ते उभ्या उभ्या वाचत गेले. एका पानावर थांबले. "दोन डबे? मी सहांवर सही केली होती."

"हो साहेब. चार मी उतरवले."

चाचा पुढे झाले. हिंदीत म्हणाले, "साहब, मैंने बोला था पानी मिलेगा."

"यादी माझी होती," मी म्हणाले. "चूक माझी आहे. पुढच्या पानांवर ती कशी निस्तरली तेही लिहिलं आहे."

साहेबांनी वही मिटली, ठेवून घेतली आणि आईला घेऊन गेले.

दहा दिवस काही निरोप नाही. तुमचे आजोबा घरी आले की मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची आणि ते मान हलवायचे. एकदा म्हणाले, "वही दिली नसतीस तर? म्हातारीनं सांगितलं नसतं." मी म्हटलं, खरं आहे, नसतं सांगितलं. "मग?" मी चुलीकडे वळले. मग ते स्वतःच म्हणाले, "जाऊ दे. न देतीस तर दहा दिवस तुझ्याबरोबर घरात राहणं कठीण झालं असतं." ते असेच होते. भीती वाटायची त्यांना, पण भीतीपोटी माझा हात कधी धरला नाही.

अकराव्या दिवशी बोलावणं आलं. साहेबांच्या टेबलावर माझी वही होती आणि शेजारी एक टाईप केलेला कागद.

"मुंबईहून दोन अर्ज आले," साहेब म्हणाले. "दोघांकडे पदव्या आहेत. दोघांनीही आयुष्यात एकही चूक केल्याचं लिहिलेलं नाही. आई म्हणते, अशा माणसांपासून मुलांना लांब ठेवावं. मला तिचं सगळं पटत नाही. पण तुमची वही मी दोनदा वाचली." कागद माझ्याकडे सरकवला. "सहा महिने. मग पुढचं."

मी कागद नीट वाचला. काम, वेळ, सुट्ट्या. सगळं ठीक. खाली सहीसाठी एकच ओळ होती आणि तिच्याखाली छापलं होतं: पतीची सही.

मी कागद परत सरकवला. "साहेब, इथे माझ्या सहीची जागा नाही."

"ती रीत आहे. तुमच्या यजमानांची संमती लागते."

"संमती त्यांनी घरी दिली आहे. मी मागितली आणि त्यांनी विचार करून दिली. इथे ते तुमचे नोकर आहेत. तुमच्यासमोर ते नाही कसं म्हणतील? त्या सहीला अर्थ काय?"

साहेबांनी कागद स्वतःकडे ओढला. मला वाटलं, गेली नोकरी. आतल्या दारातून खोकल्यासारखा आवाज आला, पण तो खोकला नव्हता. म्हातारी तिकडे बसून हसत होती.

"आणि वर्गात बावीस मुलांपुढे मी उभी राहणार आहे," मी म्हणाले. "चुकलं तर तुम्ही जाब मला विचारणार. सही मीच करीन."

साहेबांनी पेनानं 'पतीची सही' वर आडवी रेघ मारली, वर काहीतरी लिहिलं आणि कागद फिरवला. त्यांचं अक्षर वाईट होतं, पण वाचता आलं: शिक्षिकेची सही. मी पूर्ण नाव लिहिलं, माझं आणि वडिलांचंही. खाली तारीख घातली. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली.

घरी जाताना गोदामावरून गेले. तुमचे आजोबा खोकी मोजत होते. "सही कुठं करू?" त्यांनी खिशातलं पेन काढत विचारलं.

"झाली."

"कोणी केली?"

"मी."

त्यांनी पेन खिशात परत ठेवलं, खोक्यावर बसले आणि हसायला लागले. मग गोदामातल्या सगळ्यांसाठी त्यांनी समोरच्या हॉटेलातून चहा मागवला आणि प्रत्येकाला सांगत सुटले, माझ्या बायकोला कंपनीनं ठेवलंय, सही तिनंच केली, मला विचारलंसुद्धा नाही. इतक्या मोठ्यानं सांगत होते की मला पदर तोंडावर घ्यावा लागला.

वर्ग आठ वाजता भरायचा होता. मी साडेसहाला जाऊन कुलूप उघडलं, खोली झाडली, फळा पुसला, खडू मोडून दोन-दोन तुकडे केले म्हणजे बोटांत नीट बसतात. हजेरीपटावर रेघा मारल्या. आठ वाजता पहिली सात मुलं आली आणि दारातच उभी राहिली. त्यांना वाटत होतं मास्तर अजून यायचा आहे.

"आत या," मी म्हटलं. "मास्तर आलेत."

सहा महिन्यांची पुढे अकरा वर्षं झाली.